कोरे डोळे : ताकासाकीचा दारुमा

(दृश्य : लाल रंगाचे पिंप. काठीला खोचलेली बाहुली रंगात बुडते.)

लाल रंगाने भरलेल्या या पिंपात कागदाच्या लगद्याची बाहुली पार बुडवली जाते, क्षणभर आत राहते आणि वर येते तेव्हा तिच्या बुडाशी रंगाचा एक जाड थेंब लोंबत असतो. कारागीर मनगटानेच काठीला एक हलका झोला देतात, थेंब पिंपात परत पडतो आणि काठी पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या भाऱ्यात खोचली जाते. अंगणभर अशा लाल बाहुल्या उन्हाला बसवलेल्या आहेत. त्यांना अजून चेहरा नाही.

टोकियोच्या वायव्येला सुमारे १०० किलोमीटरवर, गुन्मा प्रांतात ताकासाकी हे शहर आहे. जपानमध्ये तयार होणाऱ्या दारुमा बाहुल्यांपैकी सुमारे ८० टक्के बाहुल्या एकट्या या गावात होतात. हिवाळ्यात इथे डोंगरावरून कोरडे, बोचरे वारे उतरतात. त्यांना ‘काराक्काझे’ म्हणतात. शेतीला निरुपयोगी असलेला हा वारा कागद आणि रंग मात्र भराभर वाळवतो, आणि म्हणूनच शेताला विश्रांती असते त्या दिवसांत इथल्या शेतकऱ्यांनी हा धंदा धरला.

‘दारुमा’ हा शब्द मराठी कानाला परका वाटतो, पण तो आपल्याच ‘धर्म’ या शब्दाचे जपानी रूप आहे. पाचव्या-सहाव्या शतकात भारतातून चीनला गेलेल्या आणि झेन या बौद्ध परंपरेचे आद्य गुरू मानल्या गेलेल्या बोधिधर्मांची ही प्रतिमा होय. परंपरा त्यांना दक्षिण भारतातला राजपुत्र मानते आणि सांगते की चीनमधल्या शाओलिन मठाजवळच्या गुहेत भिंतीकडे तोंड करून त्यांनी नऊ वर्षे ध्यान केले व त्या बैठकीत त्यांचे हातपाय झडून गेले. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण बाहुलीचा आकार ठरला तो या दंतकथेवरून. संकटात आपण हातपाय गाळून बसतो असे मराठीत म्हणतात. ज्याला मुळात हातपायच नाहीत, त्याच्याकडे गाळायला काही उरत नाही.

(दृश्य : बोटाने आडवी केलेली बाहुली डुलत डुलत उभी राहते. तीनदा.)

बाहुलीच्या बुडाशी वजन बसवलेले असते. वरचे अंग पोकळ आणि हलके, त्यामुळे ती कितीही कलली तरी आपोआप सरळ होते. ‘नानाकोरोबी याओकी’, म्हणजे सात वेळा पडणे आणि आठ वेळा उठणे, ही जपानी म्हण या बाहुलीला कायमची चिकटली आहे. हिशोबी माणसाला इथे शंका येते, कारण सात वेळा पडलेला माणूस सातच वेळा उठणार. यावर एक उत्तर असे देतात की माणूस जन्मतःच आडवा असतो आणि पहिले उठणे हे त्या अवस्थेतले असते. मला हे उत्तर पटते.

आता कारागिरांचा हात पाहावा. चेहऱ्याचा भाग आधीच फिकट रंगाने मोकळा केलेला आहे. ते बाहुली डाव्या तळहातावर घेतात, काळ्या रंगात भिजवलेल्या कुंचल्याचे टोक भांड्याच्या कडेवर निपटतात आणि भुवई काढू लागतात. ही भुवई म्हणजे क्रौंच पक्षी आहे; मान, पाठ आणि पंखांचा पिसारा सात-आठ फटकाऱ्यांत उतरतो. गालावरची दाढी म्हणजे कासव. जपानी समजुतीप्रमाणे क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार वर्षे. कुंचला एकदा टेकला की परत मागे येत नाही, आणि हात थरथरला तर तो पक्षी उडत नाही. त्यानंतर पोटावर सोनेरी रंगात ‘फुकुइरी’, म्हणजे भाग्य आत येवो, ही अक्षरे काढली जातात.

आणि मग कारागीर कुंचला खाली ठेवतात. डोळ्यांच्या जागी दोन पांढरी वर्तुळे तशीच कोरी राहतात.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे सर्वांत जोखमीचे काम समजले जाते आणि ते कसलेल्या हातालाच दिले जाते, कारण मूर्ती जिवंत होते ती त्या आखणीने. ताकासाकीत बाकीचे सारे कसलेला हात करतो आणि नेमके डोळ्यांचे काम ज्याने आयुष्यात कुंचला धरलेला नाही अशा गिऱ्हाइकावर सोपवतो. बाहुली घरी नेणारा माणूस एखादे काम मनाशी ठरवतो आणि दारुमाचा डावा डोळा, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताचा, काळा करतो. दुसरा डोळा काम तडीला गेल्यावर. तोवर ही एकाक्ष बाहुली घरात अशा जागी ठेवायची की येता-जाता नजरेला पडावी. वरवर पाहता हा नवस वाटेल, परंतु नवसात करणारा देव असतो आणि माणूस फेडणारा. इथे करायचेही माणसाने आणि डोळाही त्यानेच भरायचा. दारुमा फक्त साक्षीला बसलेला असतो. संकल्पाचे पाणी ताम्हनात सोडून माणूस उठतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. अर्धवट चेहरा रोज समोर असला की विसरणे कठीण जाते. (सेंदाईच्या मात्सुकावा दारुमाला दोन्ही डोळे आधीच काढलेले असतात, हेही नमूद केले पाहिजे.)

(दृश्य : पहाट. शोरिन्झान मंदिराचा दगडी जिना.)

हा जिना शोरिन्झान दारुमाजी मंदिराकडे जातो. मंदिराची स्थापना १६९७ सालची. शिन्एत्सु नावाच्या चिनी भिक्षूने काढलेले ध्यानस्थ दारुमाचे एक चित्र इथे होते आणि त्याचे ठसे नववर्षाला गावकऱ्यांना वाटले जात. १७८३ साली जवळचा आसामा ज्वालामुखी फुटला, राखेने शेते झाकली गेली आणि आधीच सुरू झालेला, तेन्मेई या कालखंडाच्या नावाने ओळखला जाणारा दुष्काळ अधिकच भीषण झाला. मंदिराची परंपरा सांगते की नववे मठाधिपती तोगाकु यांनी तेव्हा त्या चित्रावरून लाकडी साचा कोरला आणि त्यावर कागद चिकटवून बाहुल्या करण्याची विद्या शेतकऱ्यांना शिकवली. पीक नव्हते, पण हात रिकामे होते. तोयोओका गावच्या यामागाता तोमोगोरो यांचे नाव या धंद्याचे आद्य कारागीर म्हणून घेतले जाते.

गुन्मा हा रेशमाचा मुलूख. १८७२ साली सुरू झालेली तोमिओकाची रेशीम गिरणी याच प्रांतातली. रेशमाची अळी वाढताना चार वेळा निपचित पडते, कात टाकते आणि पुन्हा खाऊ लागते. या जागे होण्याला इथले शेतकरी ‘ओकी’ म्हणत, आणि म्हणीतल्या ‘याओकी’मध्ये तोच शब्द आहे. ज्याचे वर्षाचे पोट अळ्यांच्या उठण्यावर अवलंबून, त्याला पडून उठणारी बाहुली देवघरात हवीशी वाटली, यात नवल नाही. लाल रंगाचे कारण वेगळे होते: देवीच्या रोगाला लाल रंग दूर ठेवतो, अशी त्या काळची समजूत होती.

(दृश्य : ६ जानेवारी. नानाकुसा उत्सवाची गर्दी, दोन्ही बाजूंनी लाल रांगा.)

६ आणि ७ जानेवारीला मंदिराच्या उत्सवात दारुमांचा बाजार भरतो. मुठीएवढ्यापासून दोन हातांच्या कवेत न मावणाऱ्यापर्यंत सर्व आकार इथे आहेत. दरवर्षी आधीपेक्षा थोडा मोठा दारुमा घेण्याची अनेक घरांची रीत आहे. निवडणुकीत जिंकलेला उमेदवार कॅमेऱ्यांसमोर दुसरा डोळा भरतो, ते दृश्य जपानबाहेरही परिचयाचे आहे. दोन डोळे म्हणजेच पूर्णत्व, या कल्पनेला दृष्टिहीनांच्या संघटनांनी हरकतही घेतली आहे. बाहुलीचा गाभा आता बहुतेक ठिकाणी यंत्रावर घडतो, आणि भुवया हाताने काढणारी घरे कमी होत आहेत.

(दृश्य : मंदिरातल्या रेइफुदो सभागृहाच्या भिंतीलगत जुन्या बाहुल्यांचा ढीग.)

वर्षभर साक्षीला बसलेले दारुमा इथे परत येतात आणि मंत्रपठण होऊन अग्नीच्या स्वाधीन केले जातात. रंग उडालेले, धुराने काळवंडलेले, कुणाच्या पोटावर शाईने नाव लिहिलेले. ढिगाजवळ कॅमेरा नेला तेव्हा दिसले की अनेकांचे दोन्ही डोळे भरलेले आहेत आणि अनेकांचा एकच. परत घेताना त्यांत कोणी भेद करत नाही.

एक आजी पिशवीतून एकाक्ष दारुमा काढतात, रुमालाने त्याचे कपाळ पुसतात आणि ढिगाच्या कडेला ठेवतात. दोन्ही हात जोडून वाकतात. मग जिना उतरून त्या बाजाराच्या पहिल्याच दुकानाशी थांबतात, एकेक बाहुली उचलून तिच्या भुवया निरखतात आणि अखेर आधीच्यापेक्षा बोटभर उंच अशी एक निवडतात. दुकानदार ती कागदात गुंडाळू लागतो. आजी त्याला थांबवतात आणि तिचा चेहरा उघडाच ठेवून, पिशवीच्या तोंडाशी बसवून, घरी घेऊन जातात.