खांदेरीचा श्वास

नमस्कार श्रोतेहो. माझा हा आवाज आत्ता कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या एसटीत, कुणाच्या गोठ्यात पोचत असेल. पण समुद्रात खोल गेलेल्या पाणबुडीत तो पोचणार नाही. खाऱ्या पाण्यात रेडिओच्या लहरी शिरल्या न शिरल्या तोच विरून जातात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आपल्या नौदलाचं कट्टबोम्मन नावाचं केंद्र आहे. तिथून फार कमी कंप्रतेच्या लहरी सोडतात, त्या पाण्यात थोड्या खाली उतरतात. त्यावरून मोजक्या शब्दांचा निरोप धाडता येतो, आणि पाणबुडीने तो नुसता ऐकायचा. उत्तर द्यायची सोय नाही.

आपलं कुणाला ऐकू जाऊ नये, एवढ्यासाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या अशाच एका पाणबुडीविषयी आज बोलणार आहे. आयएनएस खांदेरी. भाऊच्या धक्क्याला लागूनच माझगाव डॉक आहे, तिथे ती बांधली. आराखडा फ्रान्सचा, स्कॉर्पीन जातीचा. हात आपल्या कामगारांचे. १२ जानेवारी २०१७ ला ती पाण्यात उतरली आणि २८ सप्टेंबर २०१९ ला नौदलात दाखल झाली. लांबी साडेसदुसष्ट मीटर, म्हणजे आपल्या लोकलचे तीन-सव्वातीन डबे. त्यात चाळीसेक माणसं, टॉर्पेडो, क्षेपणास्त्रं, इंजिनं आणि भटारखाना.

आणि बॅटरी. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी उचलताना कंबर धरते ना? इथे एकेक सेल साडेसातशे किलोचा, आणि असे तीनशे साठ.

एवढ्या बॅटऱ्या कशाला? कारण डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून इंजिन पाणबुडीला पुढे ढकलणारा पंखा फिरवतच नाही; ते वीज तयार करून बॅटरी भरतं. पाण्याखाली गेल्यावर इंजिन बंद, आणि बॅटरीवरची मोटर पंखा फिरवते. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ यायचं आणि स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढून पुन्हा इंजिन लावायचं. लाट नळीवरून गेली की झडप मिटते. इंजिन मात्र चालूच असतं, मग ते आतलीच हवा ओढतं आणि सगळ्यांच्या कानांना दडे बसतात.

हाच वेळ धोक्याचा. रडारला नळी दिसू शकते, इंजिनाचा आवाज दूरवर जातो. म्हणून कप्तानाचा जीव बॅटरीच्या काट्यात अडकलेला असतो. वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळजवळ आठपट लागते. मुंगीच्या पावलांनी गेलं तर बॅटरी काही दिवस पुरते; जोरात पळालं तर काही तासांतच खेळ खलास. पाणबुडी या शब्दात बुडणं आहे खरं, पण सारा हिशेब वर कधी यायचं याचाच असतो.

मग अणुशक्तीवर महिनोन्‌महिने खाली राहणाऱ्या पाणबुड्या असताना ही कटकट कशाला, असं कुणी विचारेल. माझं मत विचाराल, तर शांततेसाठी. अणुभट्टी घरातल्या पंख्यासारखी बटण दाबून गप्प करता येत नाही. तिच्या उष्णतेची काळजी सतत घ्यावी लागते. बॅटरीवर सरकणारी पाणबुडी मात्र जवळजवळ मुकी होते. याची किंमत आपण मोजली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर या डिझेल पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. खुकरी तिच्याच शोधात निघाली होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले.

आता नावाकडे येतो. खांदेरी म्हणजे अलिबागजवळच्या थळ गावासमोरचं बेट. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी मोठी गलबतं आणून बेटाला वेढा घातला. महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी, त्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांच्या. अंधार पडला की त्या थळहून निघत आणि इंग्रजांना चकवून बेटावर माणसं नि सामान पोचवत. वाऱ्यावाचून मोठी शिडं लुळी पडत. वल्ह्यांना वाऱ्याचं काय? पुढच्या वर्षी इंग्रजांनी तह केला, बेट मराठ्यांकडेच राहिलं. नाव ठेवणाऱ्यांनी एवढा विचार केला होता की नाही, देव जाणे; पण अंधारात गुपचूप सरकणाऱ्या बोटीला याहून चपखल नाव मला तरी सुचत नाही.

हवेची अडचण सोडवायचं काम अंबरनाथला चाललं आहे. तिथल्या डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने इंधन-घट तयार केला आहे. बाहेरची हवा न घेता तो पाण्याखालीच वीज बनवतो. मार्च २०२१ मध्ये जमिनीवर त्याची चाचणी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये तो बसवण्यासाठी माझगाव डॉकशी करार झाला. पद्धत ऐकून मी चाटच पडलो. पाणबुडी मधोमध कापायची, दोन तुकडे लांब सरकवायचे, मध्ये नवा पोलादी तुकडा घालायचा आणि सगळं परत असं जोडायचं, की शेकडो मीटर पाण्याच्या दाबाखाली सांध्यातून थेंबही आत येऊ नये.