मोटरसायकलवर जीपीएस: कोणते घ्यावे, कुठे आणि कसे बसवावे

नमस्कार मंडळी. माझ्या शेजारी उभी आहे ती शंभर सीसीची साधी मोटरसायकल आहे. विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, कृषी केंद्रासमोर किंवा बँकेच्या दारात, अशा दहा गाड्या सहज उभ्या सापडतील. आज हिच्या हँडलवर रस्ता दाखवणारे जीपीएस बसवायचे आहे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा निघतो. माझ्या मते तो शेवटी विचारावा. आपल्या भागात यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ते ऊन, धूळ आणि हादरे सोसू शकेल अशा जागी बसले आहे का, आणि त्याला वीज नीट मिळते का, यावरच त्याचा उपयोग ठरतो.

एक गोष्ट आधीच वेगळी काढतो. दुकानात जीपीएस मागितले की पुष्कळदा सीटखाली लपवायचा ट्रॅकर पुढे केला जातो. तो चोरीच्या बंदोबस्तासाठी असतो आणि गाडी कुठे आहे हे तुम्हाला कळवण्यासाठी त्याला सिमकार्ड व मोबाइलचे नेटवर्क लागते. आपल्याला हवे आहे ते चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नकाशा ठेवणारे यंत्र.

या यंत्राला जागा ओळखण्यासाठी नेटवर्क लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात, आपले यंत्र ते फक्त ऐकते, आणि किमान चार उपग्रह ऐकू आले की स्वतःची जागा ठरवते. त्यामुळे धारणीच्या पुढे किंवा आलापल्लीहून भामरागडकडे जाताना मोबाइलची एकही दांडी दिसत नसली, तरी नकाशावरचा निळा ठिपका हलत राहतो. अडते ते नकाशापाशी, कारण नकाशा इंटरनेटवरून येतो. म्हणून निघण्याआधी घरीच गूगल मॅप्समध्ये आपल्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा, किंवा लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर चालणारे ऑस्मअँड अथवा ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप ठेवावे. या दुसऱ्या प्रकारात जंगलातल्या वाटाही पुष्कळदा सापडतात. मात्र वाट नकाशावर आहे म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकातून आत जाण्याची परवानगी आहे, असे कोणी समजू नये.

नेटवर्क नसलेल्या जागी फोन बंद करून पुन्हा सुरू केला की ठिपका बराच वेळ सापडत नाही आणि लोक फोनला दोष देतात. कारण असे की, उपग्रह आपल्या मार्गाची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ वेगाने पाठवतो आणि तिचा आवश्यक भाग दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. नेटवर्क असताना फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो. नसताना त्याला ती आकाशातूनच ऐकावी लागते, आणि मध्येच खंड पडला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. अशा वेळी गाडी मोकळ्या जागी उभी करावी आणि दोन-चार मिनिटे स्वस्थ थांबावे. पावसाळ्यात सागाचे रान पानांनी गच्च भरलेले असताना हे अधिकच पाळावे. उन्हाळ्यात, पानगळ झालेल्या रानात, त्रास कमी होतो.

आता निवड. रोजचा फोनच हँडलवर लावावा, हा बहुतेकांचा विचार असतो. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि आयफोन ज्या तापमानात वापरावा असे अ‍ॅपल सांगते ती मर्यादा ३५ अंशांची आहे. पूर्ण उजेडावर ठेवलेला, चार्ज होत असलेला आणि काळ्या कव्हरात गुंडाळलेला फोन भर दुपारी आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. दुसरी अडचण कॅमेऱ्याची आहे. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या तीव्र हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता, आणि स्कूटरसारख्या लहान गाड्यांवरही हादरे शोषणारा होल्डर वापरण्याचा सल्ला दिला होता.

म्हणून मी घरात पडून असलेल्या जुन्या फोनच्या बाजूने आहे. त्यात सिम नसले तरी चालते, घरच्या वायफायवर नकाशा उतरवता येतो, आणि तो पडला तरी जीव हळहळत नाही. फक्त बॅटरी फुगलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

गार्मिनच्या झुमो मालिकेसारखी खास मोटरसायकलसाठी बनवलेली यंत्रे हातमोजे घालूनही चालतात आणि उन्हात वाचता येतात, पण रोज चाळीस किलोमीटर वसुलीला किंवा शेतावर जाणाऱ्या माणसाने एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. लांबच्या, अनेक दिवसांच्या, पावसातल्या प्रवासाला मात्र ती उपयोगी आहेत. विकत घेताना भारताचा नकाशा आत आहे का, हे विचारावे आणि खोक्यावरचा आयपी क्रमांक, म्हणजे यंत्र धूळ आणि पाणी किती रोखते ते सांगणारा आकडा, वाचावा. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची चाचणी झाली आहे. एक्सच्या जागी धुळीचा अंक असतो, आणि तिथे एक्स असेल तर धुळीबद्दल काहीही सांगितलेले नसते. वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात फिरणाऱ्याने आयपी६७ पाहावे, कारण त्यातला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही.

(कॅमेरा हँडलवर)

बहुतेक मोटरसायकलींचे हँडल २२ मिलिमीटरचे असते आणि बाजारातले होल्डर त्याच मापाचे येतात. आरशाच्या दांडीवर बसणारे होल्डर सोपे दिसतात, पण ती दांडी लांब असल्याने फोन तिथे जास्त थरथरतो. हँडलच्या मध्यभागी, जिथे ते गाडीला घट्ट आवळलेले आहे त्याच्या जवळची जागा सर्वांत स्थिर असते. स्प्रिंगच्या जबड्याचे होल्डर मला पसंत नाहीत. धातूचा, स्क्रूने आवळायचा क्लॅम्प घ्यावा, खाली रबराची पट्टी द्यावी आणि फोनला एक मजबूत दोरी बांधून ती हँडलला अडकवावी. होल्डरचा जबडा फोनच्या बाजूच्या बटणावर तर दाबला जात नाही ना, हे बोट फिरवून पाहा. तसे झाले तर प्रत्येक खड्ड्यात पडदा बंद-सुरू होत राहतो.

क्लॅम्प अर्धवट आवळून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल किंवा ब्रेकची नळी कुठेही ताणली जाता कामा नये. फोनमुळे स्पीडोमीटर आणि न्यूट्रलचा दिवा झाकला जात असेल तर जागा बदला. पडदा उभा ठेवला की पुढचा रस्ता अधिक दिसतो. टाकीवरच्या पिशवीत फोन ठेवण्याच्या मी विरोधात आहे, कारण तो पाहायला मान खाली घालावी लागते आणि तेवढ्यात समोर बैलबंडी आलेली असते.

विजेचे काम सर्वांत जपून करायचे आहे. फोनचा चार्जर ५ व्होल्टला २ अँपिअर देतो, म्हणजे १० वॉट. गाडीच्या १२ व्होल्टमधून तो साधारण १ अँपिअर ओढतो. गाडी चालू असताना हे काहीच नाही, पण शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची असते आणि चार्जर थेट बॅटरीला जोडून रात्रभर फोन लावून ठेवला तर सकाळी सेल्फ लागत नाही. म्हणून चार्जरची वायर किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशा लाइनवर, उदाहरणार्थ हॉर्नच्या किंवा ब्रेकच्या दिव्याच्या पुरवठ्यावर जोडावी आणि मध्ये २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज द्यावा. हेडलाइटच्या वायरला हात लावू नये. जुन्या अनेक गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोच्या एसी विजेवर चालतो, रेस वाढवली की त्याचा उजेड वाढतो तो त्यामुळेच, आणि तिथे जोडलेला चार्जर जळतो. सांधा नुसता पिळून चिकटपट्टी लावू नका. पहिल्याच पावसात तो हिरवा पडतो.

मार्ग निवडताना गूगल मॅप्समध्ये कारऐवजी दुचाकीचे चिन्ह निवडा. कारचा मार्ग तुम्हाला समृद्धी महामार्गावर नेईल आणि तिथे दुचाकीला प्रवेश नाही. गावाचे नाव तालुक्यासह लिहा, कारण पिंपळगाव आणि वडगाव जागोजागी आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीतली पांदण नकाशावर कितीही जवळची दिसली तरी डांबरी रस्त्यानेच जावे. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत आहे हे नकाशाला कळत नाही.

ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार वाहन चालवताना हातातले उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. त्यामुळे पत्ता गाडी उभी असतानाच टाका. पाऊस आला की थेंबांनीही पडदा दाबला जातो, म्हणून प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा. उन्हात मात्र ती काढून टाका, नाही तर आत फोन भाजतो.

सगळे बसल्यावर किल्ली बंद करून चार्जरचा दिवा पाहा. तो तेवत असेल तर वायर चुकीच्या लाइनवर आहे, ती आधी बदला. मग खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारून या आणि क्लॅम्पचा स्क्रू पुन्हा आवळा, कारण खालचे रबर दबून बसले की तो थोडा सैल पडतोच.