लाईट गेल्यावर धुराची खिडकी उघडेल का?

मंडळी, १८ मे २०२५ ची पहाट इथं बसलेलं कुणी विसरलेलं नाही. आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली. आग म्हटलं की आपण पाण्याबद्दल, बंबांबद्दल बोलतो. मला आज धुराबद्दल बोलायचंय. ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो, आणि जिना भरला की माणसाला दार सापडत नाही.

गरम धूर वर चढतो. जिन्याच्या माथ्यावर किंवा शेडच्या छपराला आपोआप उघडणारी खिडकी, म्हणजे स्मोक व्हेंट, बसवली आणि खालून ताज्या हवेला वाट ठेवली, की धूर बाहेर पडतो. यातल्या बऱ्याच खिडक्या २४ व्होल्टच्या मोटरवर चालतात. पण आगीत आधी लाईटच जाते. शॉर्ट होऊन एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पडतो, नाहीतर अग्निशमन दलाचे जवान येऊन मेन बंद करतात, आणि ते बरोबरच करतात. ‘आमच्याकडं जनरेटर आहे’ असं कुणी म्हणेल. त्याची वायर जळत्या मजल्यातूनच येत असेल तर उपयोग काय? म्हणून पॅनेलमध्येच, म्हणजे खिडकी चालवणाऱ्या पेटीतच, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून ठेवतात.

आता हिशेब बघा. चार मोटरी, प्रत्येकी ४ अँपिअर, एक मिनिट चालल्या तर पाव अँपिअर-अवरच्या आसपास खर्च होतो; अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीतल्या साठ्याचं माप. आणि पॅनेलनं ५० मिलिअँपिअर घेत ७२ तास नुसती वाट बघितली तर ३.६ अँपिअर-अवर! म्हणजे बॅटरी खर्च होते ती वाट बघण्यात. पण त्या शेवटच्या मिनिटाला तिनं एकदम १६ अँपिअरचा दम दाखवायचा असतो, आणि म्हातारी बॅटरी नेमकी तिथंच मान टाकते.

एका इमारतीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. गच्चीच्या जिन्यात पॅनेल, त्यावर हिरवा दिवा. मीटर लावला, २६ व्होल्ट. सगळे खूश. मी मेन पाडला आणि बटण दाबलं. खिडकी चार बोटं उचलली, मोटर कण्हली आणि थांबली. मीटर १७ वर. झाकण काढलं तर दोन्ही बॅटऱ्यांची पोटं फुगलेली, टर्मिनलवर पांढरा खार.

यात आपल्या उन्हाचा मोठा हात आहे. या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २० ते २५ अंशांवर धरलेलं असतं, आणि वर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. सोलापूरचा मे ४३-४४ अंशांचा, आणि पॅनेल आपण टांगतो तापलेल्या स्लॅबखाली! ते खालच्या मजल्यावर, सावलीत आणा. वायर आगीत टिकणारी घ्या. चार्जर तापमान बघून व्होल्टेज कमी करणारा हवा. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा.

२००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. माझी हात जोडून विनंती आहे, त्या सहीच्या आधी मेन पाडून खिडकी पूर्ण उघडलेली स्वतः बघा. दिवा बघून सही करू नका.

या टेबलावर एक पॅनेल आणि एक मोटर आणलीय. बॅटऱ्या दोन जोड आहेत, एक नवा, एक काढून टाकलेला. पुढच्या रांगेतलं कुणीतरी या आणि प्लग काढा.