कॅम्परमधला फ्रीज आणि परभणीचा मे महिना

नमस्कार. मला ४० मिनिटं दिलीत, त्यातली थोडी माइकनं खाल्ली, चालायचंच. कार्डावर विषय छापलाय, 'कॅम्परमधल्या फ्रीजचं कूलिंग कसं वाढवायचं', कॅम्पर म्हणजे राहायची सोय केलेली गाडी. त्यावर येणार आहे मी, पण आधी एकच गोष्ट डोक्यात बसवून घ्या, ती बसली की बाकीचं तुम्ही घरी जाऊन स्वतःच कराल. फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, बस, एवढंच त्याचं काम, आणि टाकायला जागाच नसली तर तो बिचारा काय करणार. आपण मात्र कायम आत बघायलोत, बर्फ जमला का, नॉब कितीवर ठेवलाय. गाडीला फेरी मारून फ्रीजची पाठ कुणी बघत नाही.

फ्रीजच्या आत एक स्टिकर असतं, कधी वाचलंय का? नाही ना. त्यावर एन, एसटी, टी असं काहीतरी असतं. एन म्हणजे बाहेरची हवा ३२ अंशांपर्यंत असली तर हा फ्रीज नीट चालणार, एसटी म्हणजे ३८ आणि टी म्हणजे ४३. आता ३२ अंश झाले की परभणीत लोक म्हणतात आज जरा बरं वाटायलंय. आणि ४३ ला टी वर्गाची हद्द संपते, आपला मे महिना तिथंच येऊन बसलेला असतो. हे झालं सावलीतल्या हवेचं, उन्हात उभ्या पत्र्याच्या गाडीत फ्रीजच्या पाठीमागं काय होत असेल ते तुम्हीच बघा हात लावून, म्हणजे लावू नका.

आता माझं आवडतं गाऱ्हाणं. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी खुशाल मोबाईल बघावा.

नळदुर्गचा किल्ला बघायला चाललो होतो, सासरे सोबत, अन् महिना मे. गाडी जुनी घेतलेली, तिच्यात थ्री-वे फ्रीज, म्हणजे सिलिंडरच्या गॅसवर, गाडीच्या बारा व्होल्टवर आणि घरच्या करंटवर चालणारा. लातूर सोडलं आणि थोड्या वेळात दही फसफसून डब्याच्या बाहेर आलं. सासऱ्यांना दह्याशिवाय भात जात नाही, त्यामुळं गाडीत जे वातावरण झालं ते बाहेरच्यापेक्षा गरम. रस्त्यावर एक फ्रीज-एसी रिपेअरिंगचं दुकान दिसलं म्हणून थांबलो. पोरगं बोलायला चटपटीत, त्यानं नुसता कान लावला आणि म्हणलं, "काका, गॅस उतरलाय, साडेतीन हजार होतील." अजून दारसुद्धा उघडलं नव्हतं त्यानं! मी म्हणलं, अरे बाबा, आधी मागं तर बघ. मग त्यानं बाहेरची जाळी काढली, टॉर्च आत धरला, डोकं आत घातलं आणि बराच वेळ काही बोलेचना. शेवटी डोकं बाहेर काढून मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच म्हणलं, "काका, तुमचा कंप्रेसर चोरीला गेलाय."

हसा, हसा. सासरे नाही हसले. ते लगेच जुन्या मालकावर घसरले, "मला त्याचं गोड बोलणं तेव्हाच खटकलं होतं, जावईबापू तुम्ही पोलिसात जा." आता त्या दोघांना भर उन्हात कसं समजावणार, की या फ्रीजला कंप्रेसर नसतोच! स्टॉकहोममध्ये १९२२ साली प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी ही युक्ती काढली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, तिन्ही वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांत कायमचे बंद. खाली बॉयलरला उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटतो, वर कंडेन्सरमध्ये, म्हणजे पाती लावलेल्या नळीत, जाऊन उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, मग हायड्रोजनच्या संगतीनं वाफ होताना फ्रीजच्या आतली उष्णता ओढून घेतो आणि परत पाण्यात विरघळतो. नळ्यांत हलणारा एकही पार्ट नाही, आणि रस्त्यावर कूलिंगचा गॅस भरायची काही सोय नाही. हे सगळं मी सांगितलं, पण सासरे आजही म्हणतात कंप्रेसर जुन्या मालकानंच नेला.

त्या पोराचे एक उपकार मात्र मानतो, त्यानं जाळी काढली. बाहेरून ती हातभर लांब, ऐटदार, आणि तिच्यामागं पत्र्याला पाडलेलं भोक एवढंसं की माझी मूठ जेमतेम जायची. वरच्या जाळीमागं तर भोकच नाही, सलग पत्र्यावर स्क्रूनं मारलेली, नुसती शोभेला. गाडी बांधणाऱ्याला फोन लावला, नाव घेत नाही, तर म्हणला, "साहेब, भोक ठेवलं की धूळ येती." अहो धूळ येती म्हणून आपण नाक बुजवतो का?

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं, मग विषयावर येतो, पटापट लिहून घ्या.

दोन भोकं पाहिजेत, एक खाली आणि एक वर कंडेन्सरच्या पातळीला, आणि जाळीएवढी मोठी. जुन्या माळवदाच्या घरात वर भोक ठेवलेलं असायचं, चुलीचा धूर तिथून जायचा, तसंच हे. पण मागं पोकळी मोठी असली तर हवा कंडेन्सरला न शिवता निसटते, म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून ती पात्यांमधूनच जाईल असं करा, पाती आणि पत्रा यात दोन बोटं अंतर. फ्रीजच्या डोक्यावरची पोकळी बंद करा, गरम हवा तिथं मुक्काम करते. आणि हा मागचा कप्पा राहायच्या जागेपासून पक्का सील पाहिजे, गॅसवर चालवताना ज्योतीचा धूर आत यायला नको.

मेमध्ये एवढ्यानं भागत नाही. कॉम्प्युटरचे बारा व्होल्टवाले १२० मिमीचे दोन पंखे, दोन-तीन वॅटचा एकेक, वरच्या भागात हवा वर ढकलतील असे लावा आणि कंडेन्सरला थर्मल स्विच, म्हणजे तो तापला की पंखे आपोआप सुरू होतील.

वायर. बारा व्होल्टवर हा फ्रीज हीटरवर चालतो, साधारण दहा अँपिअर. बॅटरी सहा मीटरवर असली की जाऊन-येऊन बारा मीटर तांबं, दीड स्क्वेअर एमएमची वायर त्यात जवळपास दीड व्होल्ट खाते, सहा स्क्वेअर एमएमची अर्ध्या व्होल्टच्या आत. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं पडते, बाराचे साडेदहा झाले की पाव भाग गेला. इंजिन बंद असलं तर बारा व्होल्टवर ठेवूच नका, बॅटरी बसते.

गाडी सपाट उभी करा, फ्रीजची बाजू दुपारनंतर पश्चिमेला नको. आदल्या रात्री घरच्या करंटवर लावून ठेवा आणि आत गार झालेलंच सामान भरा, या फ्रीजला थंड व्हायला तासन् तास लागतात. दारात दहाची नोट धरून ओढा, सहज निघाली तर गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, गेलं.

ते मागचे हात वर करायलेत, हो, तुमचा कंप्रेसरवाला फ्रीज. त्याची वायरही जाडच पाहिजे, नाहीतर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि कटऑफ मारतो, म्हणजे फ्रीज आपोआप बंद पडतो. आणि सीटखालच्या खोक्यात कोंबून वर गोधड्या रचू नका, हवा आत यायची वाट वेगळी अन् बाहेर जायची वेगळी ठेवा.

शेवटचं, आणि हे चेष्टेत नाही. थ्री-वेच्या मागं अमोनियाचा उग्र वास आला किंवा नळीवर पिवळी पूड दिसली तर फ्रीज बंद, सिलिंडरचा गॅस बंद, दारंखिडक्या उघडा आणि पुडीला हात लावू नका, ती क्रोमेटची असते, विषारी. तेवढ्या एका वेळी "गॅस उतरलाय" म्हणणारा बरोबर असतो, पण तेव्हाही भरून मिळत नाही, मागचं अख्खं कूलिंग युनिट बदलावं लागतं.