सज्जातला श्रोता

मंडळी, नमस्कार. संयोजकांना मी आधीच कळवलं होतं, परिचय नको आणि सत्कारही नको. परिचय त्यांनी गाळला, शाल मात्र खांद्यावर टाकलीच. राहू दे. थोड्या वेळाने मी इथले पंखे बंद करायला लावणार आहे, तेव्हा आपोआप काढेन.

समोर बसलेले बहुतेक जण व्याख्यानमाला चालवणारे आहात. वर्गणी गोळा करण्यापासून पाहुण्यांना एसटी स्टँडवरून आणण्यापर्यंत सगळं तुम्ही केलेलं आहे. वक्ता कसा मिळवायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी ऐकणाऱ्याविषयी बोलणार आहे.

साल १८१२. लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात वीस वर्षांचा एक पोरगा काम शिकत होता. वडील लोहार, शाळा जेमतेम. बांधायला आलेली पुस्तकं बांधता बांधता वाचायची, हेच शिक्षण. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते हम्फ्री डेव्ही, म्हणजे रसायनशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव. त्यांना ऐकायला लंडनची बडी मंडळी बग्ग्यांतून यायची. हा पोरगा वर सज्जात, घड्याळाच्या बरोबर माथ्यावर बसला. चार व्याख्यानं ऐकली. टिपणं काढली, ती पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिली, आकृत्या घातल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांचं पुस्तक बांधलं. वर्षअखेरीस ते डेव्हींकडे धाडून दिलं, सोबत कामाची विनंती. डेव्हींचा पहिला सल्ला होता, आहे तो धंदा सोडू नकोस. पण १८१३ च्या मार्चमध्ये प्रयोगशाळेत एक जागा रिकामी झाली आणि पोराला बोलावणं गेलं. हा मायकेल फॅरेडे. आज आपल्या घरी वीज येते ती ज्या जनित्रातून, त्याचं मूळ त्याच्या शोधात आहे.

त्या सभागृहात बाकीचेही होतेच की. त्यांनीही तेच शब्द ऐकले, तेच प्रयोग पाहिले. ‘काय बोलतो हो हा माणूस!’ म्हणत बग्गीत बसले असतील.

फॅरेडेने त्याच वर्षी एका मित्राला लांबलचक पत्रं लिहिली, व्याख्यान कसं असावं यावर. गंमत अशी, की त्यात वक्ता बराच उशिरा येतो. आधी सभागृहाचा आकार. मग हवा खेळती आहे का, यायची-जायची वाट सोयीची आहे का. सतरंज्या घालणाऱ्या माणसाला सुचावेत असे प्रश्न आहेत हे. एका तासाच्या पुढे बोलू नये, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे स्वतः बोलायला लागल्यावर त्याने वक्तृत्वाची शिकवणी लावली आणि त्याच मास्तरांना आपल्या व्याख्यानाला बसवून चुका काढायला लावल्या. भराभर बोलायची खोड होती, म्हणून ‘सावकाश’ असं लिहिलेलं कार्ड समोर असायचं. तास भरत आला की मदतनीस ‘वेळ’ लिहिलेलं कार्ड पुढे करायचा.

आपल्याकडे कार्डाऐवजी चिठ्ठी येते. ती वाचून वक्ता म्हणतो, ‘संयोजकांची सूचना आली आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो,’ आणि खरं भाषण तिथून सुरू होतं.

फॅरेडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवार संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली. १८९७ च्या जानेवारीत आपले जगदीशचंद्र बोस त्याच मंचावर विद्युतलहरींबद्दल बोलले. तिथला रिवाज असा, की वेळ झाली की वक्ता आत येतो आणि थेट विषयाला हात घालतो. मी एकदा एका तालुक्याच्या गावी पिण्याच्या पाण्याची तपासणी या विषयावर बोलायला गेलो होतो. वेळ साडेसहाची. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक, देणगीदारांचे सत्कार, सत्काराला उत्तर. मी उभा राहिलो तेव्हा सव्वासात होऊन गेले होते आणि पुढच्या रांगेतल्या बायका उठून चालल्या होत्या. भाकऱ्या टाकायच्या होत्या त्यांना. घरचं पाणी भरतं कोण, तर त्याच. ज्यांच्यासाठी गेलो होतो, त्यांच्या पाठीकडे बघत मी ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’ म्हणालो.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. दीडशे वर्षं झाली. तिचं कौतुक करताना आपण वक्त्यांची नावं घेतो, थोर नावं आहेत ती. पण ऐन वैशाखात, घामाघूम होत रोज येऊन बसणाऱ्यांची यादी कुणी ठेवलेली नाही. मला ती वाचायला आवडली असती.

हल्ली कौतुक टेडचं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही परिषद, २००६ पासून भाषणं इंटरनेटवर फुकट मिळू लागली आणि अठरा मिनिटांची मर्यादा जगभर गाजली. मर्यादा चांगलीच, पाल्हाळाला चाप बसतो. माझी तक्रार स्वतःबद्दल आहे. भाजी निवडता निवडता मी अशी चार भाषणं ऐकतो, भारावतो, दोघा-चौघांना पाठवतो आणि रात्री त्यातलं एकही धड सांगता येत नाही. भाजी तेवढी निवडून होते.

आता गाडगेबाबा बघा. दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. कीर्तनात ते सांगायचे कमी, विचारायचे जास्त. कर्ज काढून सण कशाला, देवापुढे बकरं कशाला? उत्तर लोकांकडूनच काढायचं, मग त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न. शेवटी ‘आमचं चुकतंय’ हे समोरच्यालाच म्हणावं लागे. दुसऱ्याचं वाक्य विसरता येतं, स्वतःच्या तोंडून चारचौघांत निघालेलं विसरणं अवघड. आणि सकाळी घराबाहेर पडलं की झाडलेला रस्ता पायाखाली होताच.

दादा, आता ते पंखे बंद करा. पुढचे दिवेही मालवा.

ही साधी मेणबत्ती. फॅरेडे नाताळच्या सुटीत मुलांसाठी बोलायचा. मेणबत्तीवरची त्याची सहा व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. एवढी मोठी प्रयोगशाळा हाताशी असताना मेणबत्तीच का? ऐकायला आलेल्या पोरांच्या घरी ती होती म्हणून. बघा, मी फुंकर मारतो. वातीतून पांढरा धूर वर चाललाय, मागे दिसतोय? आता पेटती काडी वातीला लावत नाही, बोटभर वर, नुसती धुरात धरतो. हं!

ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर बसली. तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ, गार होऊन तिचे बारीक कण झालेले. जळते ती वाफ. वात पातळ मेण वर ओढून द्यायचं काम करते. आज रात्री तुमच्यापैकी काही जण घरी हे करून बघणार, हे मला तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. नातू विचारेल, ‘मग वात का जळत जाते?’ तिथे हेच व्याख्यान पुन्हा होईल आणि मी तिथे नसेन.

लावा पंखे.

जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला यायची. ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. म्हणजे सही हवी तर आधी डोकं खाजवा. मी नारळीकर नाही, माझ्या सहीला बँकेबाहेर किंमत नाही. तरी पोस्टातून शंभर कार्डं आणली आहेत, स्वतःचा पत्ता घालून दाराशी ठेवली आहेत. जाताना एकेक घ्या.

तोंडी प्रश्न आत्ताच घेऊ. आभारप्रदर्शनाची दहा मिनिटं मी संयोजकांकडून मागून घेतली आहेत, ते नाराज आहेत. माइक आधी वर गॅलरीत जाऊ दे. हो, तुम्हीच, घड्याळाच्या वर बसलेल्या ताई. बोला.