नीटचा अभ्यास आणि आजोबांचा कागद

[लातूर. उद्योग भवन परिसर, सकाळ]

दप्तरं अडकवून शिकवणीला निघालेली ही मुलं औसा, निलंगा, उदगीरची, काही थेट नांदेड-परभणीची. मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, सगळा परिसर एका परीक्षेवर चालतो: मेडिकल प्रवेशाची नीट. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं अशी पानोपान रंगलेली. लातूर पॅटर्नची ही मेहनत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आम्ही इथून गावाकडे निघालो. मेडिकल प्रवेशाची दुसरी तयारी, कागदपत्रांची, तिकडे चालते, आणि ती मुलांना बहुतेक वेळा एकट्यानंच करावी लागते.

[औसा तालुका. जिल्हा परिषद शाळेचं कार्यालय]

हे शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापक एकेक पान तळहातावर धरून उलटतात, कारण कडा हात लागताच तुटतात. समोर उभी असलेली मुलगी बारावी विज्ञानची, ओबीसी प्रवर्गातली. जातीचा दाखला तिला प्रांत कार्यालयातून मिळालाय. पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर तो दाखला जिल्हा जात पडताळणी समितीनं तपासून वैध ठरवावा लागतो. त्यासाठी मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारनं ठरवलेल्या तारखेच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला, जात नोंदवलेला पुरावा जोडायचा. ओबीसींसाठी हा दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०.

वडिलांचा जन्मच त्यानंतरचा. आजोबा शाळेत गेले नाहीत. ज्या घरांत शिक्षण सगळ्यात उशिरा पोचलं, त्यांनाच शाळेचा सगळ्यात जुना कागद शोधावा लागतो. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं.

सापडले ते चुलत आजोबा. दुसरीपर्यंत शिकलेले. रजिस्टरमधली ही त्यांची ओळ: नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचा दिनांक. याचाच प्रवेश निर्गम उतारा मिळेल. मग हे आजोबा आपलेच, हे दाखवायला वंशावळ लिहायची आणि तिच्यावर शपथपत्र करायचं. ती बघा, वहीच्या मागच्या पानावर मुलगी आत्याला विचारून नावं जोडतेय. पणजोबांच्या नावाशी आत्या अडखळतात, मग शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना हाक मारतात.

[जुन्या दप्तराची खोली]

शाळेत काहीच मिळालं नाही तर गावातल्या जन्म-मृत्यूच्या आणि जमिनीच्या जुन्या नोंदी: कोतवाल बुक, गाव नमुना १४, खासरा पत्रक. मराठवाड्यात हा शोध जास्तच अवघड, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुन्या नोंदी कुठे मोडी लिपीत, कुठे उर्दूत. हे अक्षर घरातल्या कुणालाच लागत नाही, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. त्यात लातूर जिल्हा १९८२ सालचा. त्याआधी यातला बहुतेक भाग उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणून कागदाचा माग कधी धाराशिवपर्यंत जातो.

[सेतू केंद्र]

रांगेतल्या बहुतेकांच्या हातात उत्पन्नाचे दाखले आहेत. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे घराचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र काढायचंय, अधिवासाचा दाखला काढायचाय. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. तिथं केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं ओबीसी प्रमाणपत्र लागतं. राज्यातला एनटी, म्हणजे भटक्या जमातींचा प्रवर्ग त्या कोट्यात नाहीच, हे कित्येक पालकांना फॉर्म भरतानाच कळतं.

वैधता वेळेत हाती आली नाही, तर राखीव जागा हुकते आणि तिच्यासोबत फीची सवलतही.

यातली जवळजवळ सगळी कामं अकरावीतच करता येतात. वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत जातो. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयानं प्रवेशाच्या आठवड्यातच मुलांना ही यादी द्यावी आणि वर्गशिक्षकांनी दर महिन्याला विचारावं, कुणाचा कागद कुठे अडलाय.

[मुलीचं घर, ओसरी]

उतारा मिळालाय, वंशावळीवर सही व्हायची आहे. पसंतीक्रम मात्र तिनं आताच लिहून ठेवलाय: आधी लातूर, मग अंबाजोगाई, नांदेड, धाराशिव. सगळी सरकारी कॉलेजं. खासगीची फी घराला झेपणार नाही, हे वडिलांनी तिला सांगायची गरज पडली नाही.