गावातल्या लेखकाचं पुस्तक कोण सांभाळणार?

नमस्कार. ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर पुस्तकांविषयी बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं. खरेदीपासून वाळवीपर्यंत सगळं तुम्ही रोज पाहता.

आपल्या परिसरातल्या लेखकांची नवी पुस्तकं, असा विषय मला दिला आहे. यावर बोलायला उभं राहिलं की वक्ते हमखास उपेक्षेचा सूर लावतात. मला तो सूर आता तितकासा पटत नाही. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार २०१६ साली आसाराम लोमटे यांना मिळाला, २०२२ साली प्रवीण बांदेकर यांना आणि २०२३ साली कृष्णात खोत यांना. परभणी, सावंतवाडी, कोल्हापूर. कसदार कादंबरी आज उशिरा का होईना, प्रकाशकापर्यंत पोहोचते, तिच्यावर लिहून येतं, तिची दुसरी आवृत्तीही निघते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांची. निवृत्त शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास. एखाद्या बाईंनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. एका तालुक्यातल्या बोलीचा शब्दसंग्रह. धरणात गेलेल्या गावाच्या आठवणी. अशी पुस्तकं लेखक पदरमोड करून काढतो. दोन-तीनशे प्रती छापतो, प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, निम्म्या प्रती भेट म्हणून जातात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर. दहा-पंधरा वर्षांनी एखादी संशोधक मुलगी त्याच पुस्तकाच्या शोधात येते, तेव्हा ते लेखकाच्या घरीसुद्धा सापडत नाही. अशा पुस्तकांना बाजार नसतो आणि नसणारच. त्यात बाजाराचा दोष नाही, पण मग ते जपायचं कुणी?

१८६७ चा मुद्रण आणि नोंदणीचा कायदा इंग्रजांनी केला तो लेखनावर नजर ठेवण्यासाठी. पण त्यामुळे छापखान्याला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत आणि दर तीन महिन्यांनी पुस्तकांच्या याद्या निघत. आडगावच्या छापखान्यातलं चोपडंही त्यामुळे कागदोपत्री उरे. हेतू वाईट होता, उपयोग चांगला झाला. तो कायदा रद्द करून २०२३ साली नवा आला, आणि तो फक्त नियतकालिकांचा आहे. पुस्तकं त्यातून वगळली गेली. आता उरला १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा. प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय, अशा चार ठिकाणी स्वखर्चाने प्रत पाठवायची. मूळ कायद्यात दंड ठेवला तो पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाच्या किमतीएवढी रक्कम! स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाला तर आपण कायद्याने 'प्रकाशक' झालो आहोत, हे सांगायलाही कुणी नसतं.

म्हणून मी तुमच्या दाराशी येतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात 'अ' ते 'ड' वर्गांच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांचं हजारोंचं जाळं उभं राहिलं. त्यांच्या खरेदीचं चित्र मात्र तुम्हाला माहीत आहे. अनुदान उशिरा हाती येतं, मार्च डोक्यावर असतो, हिशेब पुरा करायचा असतो. मग जो विक्रेता जास्त सवलत देईल त्याचे गठ्ठे उतरवून घेतले जातात. स्वयंपाक, भविष्य, व्यक्तिमत्त्व विकास. ही पुस्तकं वाचली जातात, माझा त्यांच्यावर राग नाही. पण ती राज्यातल्या कुठल्याही ग्रंथालयात मिळतील. तुमच्या तालुक्यातल्या ओव्या मात्र तुमच्या कपाटात नसतील, तर कुठेच नसतील. त्यांच्या दोन प्रती घ्या: एक देवघेवीसाठी, दुसरी बाहेर न जाणारी. आणि भेट म्हणून घेऊ नका, विकत घ्या. फुकट आलेलं पुस्तक दाखल रजिस्टरात चढायला फार वेळ लावतं.

आता थोडं कडू बोलतो. आपला लेखक म्हटला की आपण हार घालतो, पुस्तक उघडत नाही. समारंभात पाच वक्ते, त्यातल्या चौघांनी मलपृष्ठ वाचलेलं असतं. पाचवा प्रस्तावना लिहिणारा. यात लेखकाचं नुकसान सगळ्यांत जास्त होतं. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने ऐकीव कथा आणि दप्तरातला कागद एकाच सुरात मांडला असेल, तर ते त्याला कुणीतरी सांगायला हवं. ओवी कुणी सांगितली, कुठे, कधी, याची नोंद नसेल तर तो संग्रह अर्धाच राहतो. समारंभाऐवजी महिन्यातून एकदा एका पुस्तकावर तासभर बसा. लेखकाला बोलवा, पण त्याला शेवटची दहा मिनिटं द्या. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही अशा बैठकीला जागा मागता येईल.

लेखक मंडळीही इथे आहेत, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची जगभर चालणारी ओळख असलेला क्रमांक, आपल्याकडे सरकारी संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. हस्तलिखित आधी तिथे पाठवून पाहा, दागिने मोडायचा विचार नंतर.

प्रश्न असतील तर घेतो. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, आधी त्या.